बैलगाडा घाटावरची गर्दी आणि वैशाखाचं ऊन: बघणाऱ्यांसाठी काय करता येईल?

घाटकरी । ८ मार्च, रात्री ९:४२

राम राम मंडळी.

आमची यात्रा वैशाखात असते. खेड तालुक्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कमिटीतले इथेच भांडायला येतील. यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. शर्यतींवर बंदी होती त्या काळात घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या वाटेत, बाभळी उगवल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, आणि आता गर्दी अशी की घाटाच्या दोन्ही अंगांना पाय ठेवायला जागा नसते.

घाट माळावर आहे. सावलीला एक झाड नाही. लोक सकाळी आठला येऊन जागा धरतात आणि फायनल झाल्याशिवाय हलत नाहीत. गेल्या वर्षी दुपारी माणसं मटकन खाली बसायला लागली. एका म्हाताऱ्या बाबांना पिकअपमध्ये घालून न्यावं लागलं, कारण रुग्णवाहिका स्टेजमागे अडकलेली आणि मधे नुसत्या मोटारसायकली. बाबा वाचले, देवाची कृपा.

आता गंमत ऐका. पाण्याचे दोन टँकर होते. संध्याकाळी त्यातला एक निम्मा भरलेला परत गेला! माणसं तहानेने पडतात आणि पाणी उरतं, हे गणित काही सुटत नाही. यंदा पाण्याचं काम माझ्या गळ्यात आलंय. अध्यक्ष म्हणतात, "पळतात बैल, त्यांना काही होत नाही. बघणाऱ्याला काय धाड भरलीय?"

वर्गणीतून फार पैसा सुटणार नाही. स्टेडियम, कुस्तीचं मैदान, टेनिसबॉलच्या मॅची, कुठंही काही चांगलं केलेलं पाहिलं असेल तर सांगा.

---

चिंचेचा_पार । ८ मार्च, रात्री ९:५८

अध्यक्षांना दुपारी एक वाजता घाटाच्या मध्यावर उभं करा. टोपी काढून. धाड कुठे भरते ते कळेल.

---

संत्रा_बर्फी । ८ मार्च, रात्री १०:११

काहून बाप्पा वैशाखात? आमच्या विदर्भात शंकरपट थंडीत भरतो. तळेगाव दशासरचा पट जानेवारीत असतो, लोक स्वेटर घालून जातात अन् दुपारच्या उन्हात अंग शेकत पट पाहतात. तुम्हाले तारीखच चुकीची सापडली.

बाकी पुण्याकडचं ऊन म्हणजे आमच्या नागपूरची सकाळ, ते जाऊ द्या.

---

घाटकरी । ८ मार्च, रात्री १०:२०

@संत्रा_बर्फी, तारीख कमिटी ठरवत नाही हो, देव ठरवतो. यात्रेच्या दिवशी पालखी, मांडवडहाळे, रात्री तमाशा आणि दिवसा गाडे. जानेवारीत घ्यायचे तर देवालाच हलवावं लागेल.

---

रोखठोक । ८ मार्च, रात्री १०:३५

मला हे लाड पटत नाहीत. आमचे आजोबा याच उन्हात घाटावर उभे राहायचे, डोक्याला मुंडासं, बस्स. हल्लीची पोरं घरात एसीत बसून नाजूक झालीत. ज्याला सोसत नाही त्याने मोबाईलवर लाइव्ह बघावं. कमिटीने गाडे पळवायचे की प्रत्येकाच्या तोंडात पाणी घालायचं?

---

माहेरवाशीण । ८ मार्च, रात्री १०:५९

रोखठोकभाऊ, आजोबा यायचे कशातून? स्वतःच्या बैलगाडीतून. गाडीवर ताडपत्री, गाडीखाली सावली, सावलीत घोंगडी, आणि चाकाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली घागर. भाकरी-कांदा बांधून आणलेला. दमले की गाडीखाली आडवे व्हायचे. आज माणूस मोटारसायकलवर येतो, ती दीड किलोमीटरवर लावतो आणि हात हलवत घाटावर चढतो. शिवाय तेव्हा गाडे किती असायचे? दुपारच्या आत उरकायचं. आता टोकनं (गाड्यांचे नंबर) शेकड्यांनी जातात.

आणि घाटकरी, निम्मा टँकर का उरला ते मला विचारा. यात्रेला माहेरी येते तेव्हा आम्ही सगळ्या बहिणी घाटावर जातो. त्या दिवशी सकाळी चहासुद्धा अर्धा कप. का? तर माळावर जायला आडोसा नाही. बायका पाणी पीतच नाहीत, टाळतात. तुम्ही दहा टँकर उभे करा, शौचालय नसेल तर आम्ही घोटभर पिणार आणि ओठ ओले करून परत येणार. लघवी तुंबवून, तहान मारून दिवसभर उन्हात. मग चक्कर येते आणि लोक म्हणतात, उपास असेल बाईचा.

फिरती शौचालयं भाड्याने मिळतात. ते नसेल जमत तर निदान जवळच्या शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली आदल्या दिवशी ताब्यात घ्या. यात्रेला शाळेला सुट्टी असते आणि किल्ली शिपायाच्या खिशात, शिपाई घाटावर!

---

चिंचेचा_पार । ८ मार्च, रात्री ११:०४

शिपाई घाटावर. +१००. आमच्याकडे पण हेच.

---

घाटकरी । ८ मार्च, रात्री ११:१५

ताई, कमिटीत सतरा पुरुष आहेत आणि ही गोष्ट आजवर एकाच्याही तोंडून आली नाही. लिहून घेतलं.

---

तालुक्याचा_डॉक्टर । ९ मार्च, सकाळी ७:३०

एप्रिल-मेमध्ये यात्रांतून उचलून आणलेले पेशंट दरवर्षी बघतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

उन्हात पडणारे सगळे सारखे नसतात. तासन् तास एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. त्याला सावलीत आडवा करा, पाय वर धरा, थोड्या वेळात उठून बसतो. दुसरा प्रकार म्हणजे भरपूर घाम, डोकं ठणकणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे. हा शुद्धीवर असतो, नीट बोलतो. त्याला सावली, वारा आणि मीठ-साखरेचं पाणी.

तिसरा उष्माघात. अंगाचं तापमान ४० अंशांच्या पुढे जातं आणि मेंदू गडबडतो. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, शेजारच्याला ओळखत नाही, कधी झटका येतो. कातडी कोरडी पडते असं आपण ऐकलेलं असतं, पण घाम असतानाही उष्माघात होऊ शकतो. तेव्हा घामावर जाऊ नका, बोलण्यावर जा. नाव विचारा, गाव विचारा, कुणाबरोबर आलात विचारा.

यात्रेत घात होतो तो इथेच. झोकांड्या खाणारा माणूस दिसला की सगळे म्हणतात "पिऊन पडलाय" आणि त्याला बांधाला टेकवून पुढची बारी (गाड्याची धाव) बघायला जातात. बांधाला, उन्हात! बरं, प्यायलेला असेलही. दारूने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं आणि तहान लागल्याचंही भान राहत नाही. प्यायलेल्या माणसालाच उन्हाचा धोका जास्त. त्यामुळे माझ्या लेखी यात्रेत पडलेला प्रत्येक दारुडा हा आधी उष्माघाताचा पेशंट.

उपचार एका ओळीत: आधी थंड करा, मग हलवा. एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं आणि टॉवेलने, पुठ्ठ्याने, हाताला लागेल त्याने वारा घालायचा. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही, श्वासनलिकेत जातो. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही.

म्हाताऱ्यांबद्दल एक. रक्तदाबाच्या बऱ्याच पेशंटना लघवी वाढवणारी गोळी चालू असते. त्यांनी गोळी मनाने बंद करू नये, पण यात्रेआधी डॉक्टरांना विचारून ठेवावं आणि भर दुपारी घाटावर थांबू नये.

---

गुलकंद । ९ मार्च, सकाळी ८:०२

डॉक्टर, खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही म्हणतात, खरं का?

---

तालुक्याचा_डॉक्टर । ९ मार्च, सकाळी ८:१०

खिशातल्या कांद्याने खिशाला वास येतो. भाकरीबरोबर खा, पोटात तरी जाईल.

---

चाकण_मार्केट । ९ मार्च, सकाळी ८:१३

भाव पडला की आम्ही कांदा खिशात काय, रस्त्यावर पण ठेवतो. हवे तेवढे न्या.

---

उत्तर_स्टँड । ९ मार्च, सकाळी ११:४०

मी मुंबईचा, क्रिकेट बघणारा. आमच्याकडे उलटी तऱ्हा. गेटवर बाटली काढून घेतात, आत पाणी विकत, तेही स्टॉलवर ही रांग. रांगेतून येईपर्यंत दोन विकेटी गेलेल्या असतात. (कुठलं मैदान ते सांगत नाही, बहुतेक ठिकाणी तेच.) बाटलीला बंदी का, तर लोक फेकतात. १९९६ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला ईडन गार्डन्सवर लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, मॅच थांबली आणि श्रीलंकेला विजयी घोषित केलं. त्यामुळे कारण खोटं नाही. पण बाटली काढून घेतलीत तर तेवढंच पाणी आत फुकट आणि सहज मिळायला हवं, हा साधा हिशोब.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियमवर न्यूझीलंडची कसोटी झाली तेव्हाच्या बातम्या आठवा. पहिल्याच दिवशी प्रेक्षकांचं पाणी संपलं, स्टँडचा बराच भाग उघडा, लोकांनी घोषणा दिल्या आणि शेवटी संघटनेला माफी मागावी लागली. वॉशिंग्टन सुंदरने सात विकेटी काढल्या त्या दिवशी! एवढ्या मोठ्या स्टेडियमची ही गत, तर गावच्या कमिटीने फार वाईट वाटून घेऊ नये.

तुमच्या कोड्याबद्दल. स्टेडियममध्ये माझी खुर्ची नंबराची. पाणी प्यायला गेलो तरी परत येऊन तिथेच बसणार. घाटावर उठलात की जागा गेली. सकाळी आठला धरलेली पुढची जागा कोण सोडेल? टँकर कुठे होते तुमचे?

---

घाटकरी । ९ मार्च, दुपारी १:२५

स्टेजच्या मागे, पार्किंगजवळ. टँकरला यायला तिथंच रस्ता आहे. घाटाच्या खालच्या टोकापासून तिथं जायचं म्हणजे सगळी गर्दी कापत चढायचं. परत येईपर्यंत आपल्या गाववाल्याचा गाडा पळून गेलेला असणार.

बरोबर आहे तुमचं. पाणी होतं, पण ते पाहुण्यांच्या आणि स्टेजवाल्यांच्या सोयीचं होतं.

---

मेलबर्नची_मावशी । ९ मार्च, दुपारी ४:५०

२०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्या आठवड्यात इथे पारा ४३ च्या पुढे गेला होता. एका दिवसात जवळजवळ हजार प्रेक्षकांवर उन्हाच्या त्रासासाठी उपचार करावे लागले. एका खेळाडूला कोर्टवर चक्कर आली आणि त्याने नंतर सांगितलं की मला स्नूपी दिसला! आता जागोजागी फुकट पाण्याचे नळ, बाटली भरून घ्यायची सोय, तुषार उडवणारे मोठे पंखे, सावल्या, सगळं असतं. २०१९ पासून खेळाडूंसाठी १ ते ५ अशी उष्णतेची पट्टी आहे. तीत नुसतं तापमान नाही, तर ऊन, दमटपणा आणि वारा असं चारही धरतात.

यातलं तुमच्या कामाचं एवढंच की मोबाईलवर दिसणारं तापमान सावलीतलं असतं. माळावर, वारं पडलेलं, भोवती माणसांची भिंत, तिथला उष्मा त्या आकड्यात नसतो.

---

रोखठोक । ९ मार्च, सायं ५:१५

आता घाटावर तुषारपंखे लावा, सनस्क्रीन वाटा आणि बैलांना गॉगल द्या.

---

आंबेगावचा_पोरगा । ९ मार्च, सायं ५:३१

तुषारपंखा कशाला, पाठीवरचे फवारणी पंप घरोघरी आहेत. दहा पोरं उभी करायची, गर्दीवर पाण्याचा फवारा!

---

जलसुरक्षक । ९ मार्च, सायं ५:३६

अरे बाबा थांब. ज्या पंपात काल औषध होतं तो आज माणसांवर? कितीही धुतला तरी नको. नवा कोरा असेल आणि यात्रेनंतर शेतात जाणार असेल तर ठीक, जुना पंप घाटाच्या आसपासही दिसता कामा नये.

आलोच आहे तर लिहितो, हेच माझं काम आहे. यात्रेत लोक उन्हाने एक दिवस आजारी पडतात, पाण्याने आठवडाभर. टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते विचारा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून निदान अर्धा तास जाऊ द्या, मग ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उतरलंय का ते कळतं. पिवळा रंग आला पाहिजे. प्रत्येक ग्रामपंचायतीत किट असतं, जलसुरक्षक असतो, त्याला यात्रेच्या दिवशी फेटा बांधून मिरवणुकीत नाचवू नका, टँकरवर बसवा.

दुसरं बर्फाचं. मठ्ठा, सरबत वाटणारे दाते पुष्कळ, पुण्याचं काम आहे. पण बर्फ कुठला? आपल्या राज्यात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक आहे. निळी लादी पेशंटच्या काखेत चालेल, मठ्ठ्यात नाही. आणि कुणी रंगच घातला नसेल तर पांढरी लादीही भरवशाची नाही, विचारून घ्या. मठ्ठा सकाळी घुसळून दुपारी दोनपर्यंत उन्हात पिंपात ठेवला तर तो प्रसाद अख्ख्या गावाला पुरतो, दुसऱ्या दिवशी.

---

गुलकंद । ९ मार्च, सायं ५:५०

"अख्ख्या गावाला पुरतो" 😂😂 अनुभव आहे.

---

वेंगुर्ल्याचो_बॉलर । ९ मार्च, रात्री ८:२०

आमच्याकडे मे महिन्यात चाकरमानी इले की ओव्हरआर्म क्रिकेटच्या टुर्नामेंटी सुरू. तापमान ३४-३५, ऐकायला काही नाही, पण घाम सुकतच नाही ना. हवामान खातंसुद्धा किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ पासून धरतं, सपाटीवर ४० पासून. आमचो एकच उपाय, मॅच नारळाच्या बागेशेजारी. प्रेक्षक बागेत, खेळणारे उन्हात. आणि कोकम सरबत, मीठ घातलेलं. तुमच्या माळावर माड नाहीत त्याला मी काय करू.

---

सुपारी_कात । ९ मार्च, रात्री ९:०५

विषय खेळाचा नाही, पण उन्हात गर्दी म्हटलं की खारघर आठवतं. १६ एप्रिल २०२३. उघड्या मैदानावर लाखो लोक, कार्यक्रम सकाळचा होता पण संपायला दुपार झाली, आणि १४ माणसं गेली. पारा काही ४५ ला नव्हता, ३८ च्या आसपास होता. श्रद्धेने आलेला माणूस उठत नाही. घाटावरचा शौकीनही उठत नाही.

---

व्यवस्थापक । ९ मार्च, रात्री ९:३०

खारघरवरून राजकारणाकडे वळलेले काही प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चालला आहे, विषय घाटाचाच ठेवा.

---

पॅकबंद । ९ मार्च, रात्री ९:४४

सगळ्यात सोपं म्हणजे ओआरएसचे खोके आणून वाटा. फळांच्या चवीचे मिळतात, पोरंही आवडीने पितात.

---

तालुक्याचा_डॉक्टर । ९ मार्च, रात्री १०:०२

@पॅकबंद, ते बहुतेक गोड सरबत असतं हो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी घातली ती त्याचसाठी. खरी पुडी घ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, आणि मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. लोक ती पेल्यात कालवून देतात, ते चूक. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पण हे त्रास होणाऱ्यांसाठी प्रथमोपचाराच्या टेबलावर. अख्ख्या गर्दीला गरज नाही. जेवून आलेल्या माणसाला पाणी आणि मीठ घातलेलं लिंबूसरबत पुरतं. दिवसभर घाम गाळून लिटरमागून लिटर नुसतं पाणी ढोसणं मात्र बरं नाही, रक्तातलं मीठ उतरतं.

जाता जाता सांगतो. १९७१ साली बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवलं, ड्रमला तोट्या लावल्या आणि नातेवाइकांनाच पेला हातात दिला. पेशंट उठून कुठे जात नव्हता, ड्रम त्याच्यापाशी होता. तुमच्या टँकरपेक्षा तेवढंच वेगळं.

---

द्राक्षबाग । १० मार्च, सकाळी ६:५०

डॉक्टरांनी ड्रम म्हटलं आणि माझ्या डोक्यात बागेचं ठिबक आलं.

घाटकरी, तुमचा घाट चढाचा ना? गाडे खालून वर पळतात, निशाण वरच्या टोकाला. मग टँकर वर उभा करा, निशाणाच्या मागे, उंचावर. तिथून दोन्ही बाजूंना गर्दीच्या पाठीमागून एचडीपीईचा (प्लास्टिकचा) पाइप खाली सोडा. पंप लागत नाही, उतार आहे. दर पन्नास-साठ फुटांवर खुंटाला बांधून एक तोटी. माणसाने जागा न सोडता मागे हात केला की पेला भरून पुढे. बागायतदाराकडे पाइप, सॉकेट, तोट्या पडलेल्याच असतात, एका दिवसात उभं राहतं.

फक्त काळा पाइप उन्हात तापतो. पहिलं पाणी चहाला चालेल इतकं गरम येतं. त्यावर पाचट नाहीतर ओलं गोणपाट टाका, जमलं तर वीतभर चर मारून पुरा. आणि तोटीखाली खड्डा करून खडी टाका, नाहीतर चिखल होऊन माणसं घसरतील. लहान पोरांना तोटी उघडी टाकायची खोड असते, तर दाबून सोडली की बंद होणाऱ्या तोट्या मिळाल्या तर उत्तम.

---

घाटकरी । १० मार्च, सकाळी ७:१५

भिर्रर्रर्र! हेच पाहिजे होतं. निशाणाच्या मागे रस्ता नाही, पण ट्रॅक्टरचा टँकर वावरातून चढेल.

---

चिंचेचा_पार । १० मार्च, सकाळी ७:२२

हिशोब करून बघितला. पाच हजार माणूस, तासाला अर्धा लिटर, सहा तास: पंधरा हजार लिटर. ट्रॅक्टरच्या पाच हजारी टँकरच्या तीन खेपा, हातपाय धुणारे धरून चार. दोन टँकर तसेही पुरणार नव्हते, लोक पोचलेच नाहीत म्हणून उरले.

---

माहेरवाशीण । १० मार्च, सकाळी ९:४०

पाइप छान. पेले कसले? प्लास्टिकचे ग्लास माळभर उडतात आणि गुरं खातात. स्टीलचे पेले साखळीने तोटीला, आणि "बाटली घेऊन या" हे पत्रिकेतच छापा. तुमची शंभर प्रायोजकांच्या फोटोंची पत्रिका असते ना, त्यात एखाद्या भाऊंचा फोटो कमी करून.

---

रोखठोक । १० मार्च, सकाळी १०:३०

सावलीचं कुणी बोलत नाही. पाणी पाजून उन्हातच उभं करणार?

---

आंबेगावचा_पोरगा । १० मार्च, सकाळी १०:३२

कोण बोललं हे?! अकाउंट हॅक झालं का?

---

द्राक्षबाग । १० मार्च, सकाळी ११:०५

😀 शेडनेट घाला, हिरवं, पंचाहत्तर टक्क्यांचं. पत्र्याची शेड नको, खाली भट्टी होते. जाळी डोक्यापासून चांगली उंच बांधा आणि बाजू उघड्या ठेवा, वारा फिरला पाहिजे. सबंध घाट झाकता येणार नाही आणि झाकूही नका, मागच्यांना गाडा दिसणार नाही, मग ते खांबांवर चढतील. गर्दीच्या मागे पट्टे करा: पाणी, सावली, बसायला सतरंजी, शेजारी प्रथमोपचार. जरा टेकून माणूस परत पुढे जाईल.

वळवाचं लक्षात ठेवा. दुपारी चारला वावटळ सुटली की जाळीचं शीड होतं, बल्लीसकट उपटून गर्दीवर येईल. ताण चारही बाजूंनी, आणि आभाळ काळवंडलं की एका बाजूने सोडून द्यायची.

---

उत्तर_स्टँड । १० मार्च, दुपारी १२:१५

एक सुचतंय. तुमचा समालोचक! स्टेडियमच्या स्पीकरवर कुणी लक्ष देत नाही, पण घाटावर सगळ्यांचे कान त्या माइककडे असतात. दर दहा-वीस बाऱ्यांनी त्याने म्हणायचं, शेजारच्याकडे बघा, पाणी प्यायलाय का विचारा. आणि बॅरिकेडच्या बल्ल्यांना मोठे आकडे रंगवा. कुणी पडला की "बल्ली नंबर चाळीस, डावी बाजू", एवढं माइकवर पोचलं की डॉक्टरची पोरं थेट तिथे. नाहीतर गर्दीत हात वर करून ओरडणारा प्रत्येकजण सारखाच दिसतो.

---

तालुक्याचा_डॉक्टर । १० मार्च, दुपारी २:००

नंबरांची कल्पना फार चांगली. रुग्णवाहिकेची वाट दोरी बांधून मोकळी ठेवा आणि तिथे मोटारसायकल लावणाऱ्याच्या चाकातली हवा सोडा, हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही.

पण सगळ्यात मोठा उपाय अजून कुणी घेतलेला नाही. दुपारी थांबा की. साडेबारा ते साडेतीन गाडे बंद.

---

घाटकरी । १० मार्च, रात्री ९:१०

इथंच गाडं अडतं डॉक्टर. बारी पळते अकरा-बारा सेकंदांत, पण जुंपणं, गाड्यापुढे पळायला घोडी लावणं, घाट मोकळा करणं धरून बारीला दोन मिनिटं जातात. अडीचशे टोकनं धरली तर पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तासांच्या वर. मध्ये तीन तास थांबलो तर दिवस मावळतो, आणि अंधारात बैल पळवायला कोणता गाडामालक तयार होईल?

---

संत्रा_बर्फी । १० मार्च, रात्री ९:२५

तं टोकनं कमी करा नं भाऊ! नाही तं दोन दिवस करा.

---

घाटकरी । १० मार्च, रात्री ९:४०

टोकन कमी केलं की ज्याचं कापलं तो सातबाराची भांडणं उकरून काढतो. दोन दिवसांचं बोलता येईल. दुसऱ्या दिवशी तसंही निकाली कुस्त्या असतात, त्या चार वाजता लागतात, सकाळ मोकळीच आहे.

गाडामालक कमिटीपेक्षा लवकर ऐकतील असं वाटतं. भर दुपारची बारी कुणालाच नको असते, चांगले सेकंद पडत नाहीत, तापलेल्या जमिनीवर बैलाचे खूर पोळतात. परवानगीच्या वेळी बैलांच्या तपासणीला पशुवैद्यक लागतो, तो नसेल तर गाडा जुंपत नाही. माणसांचा डॉक्टर आहे का हे मात्र आम्ही कधी बघितलं नव्हतं. अध्यक्षांना मी माणसांचं नाव न काढता बैलांचं सांगून दुपारची सुट्टी मागतो. बैलांसाठी ते काहीही करतील.

---

माहेरवाशीण । १० मार्च, रात्री ९:५२

चालेल. बैलांच्या नशिबाने आम्हाला सावली.

---

घाटकरी । १४ मार्च, रात्री १०:०५

कमिटीची बैठक झाली. दुपारी एक ते तीन घाट बंद, यावर गाडामालकांनीच हात वर केले. उरलेले गाडे दुसऱ्या दिवशी सकाळी. पाइपलाइन मंजूर, दोन्ही अंगांना. शाळेची किल्ली माझ्याकडे आली, शिवाय दोन फिरती शौचालयं एका उद्योजकाने द्यायची कबूल केली (फोटो पत्रिकेत मोठा टाकायचाय). जलसुरक्षकाला टँकरवर बसवलंय, फेटा बांधूनच बसणार म्हणतो. बल्ल्यांवर नंबर शाळेची पोरं रंगवणार.

अडलंय शेडनेटवर. विकत घ्यायला पैसे उरले नाहीत आणि मंडपवाला कापडी मंडपाचा जो भाव सांगतोय त्यात एक बैल येईल. कुणाकडे जुनी जाळी आहे का?

---

रोखठोक । १४ मार्च, रात्री १०:३१

नारायणगावच्या बाजूला आहे मी. पॉलीहाउस काढलं त्याची जाळी गुंडाळून ठेवलीय, एक-दोन ठिकाणी फाटलीय पण सावली पडते. पिकअप घेऊन या, भाडं नको. क्लिपा मोजून देणार आणि मोजून परत घेणार. गेल्या वेळी एकाला लग्नाला दिली होती, निम्म्या क्लिपा वरातीबरोबर गेल्या.